आरे-वारेला जाताय? आधी किनाऱ्याच्या राखणदारांविषयी वाचा

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना टेकडीवरच्या रस्त्यावरून आरे-वारेचे जुळे किनारे आपण सगळेच पाहतो. पण आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि त्यांची राखण गावातलीच माणसं करतात, हे किती जणांना ठाऊक आहे?

या राखणीची सुरुवात झाली ती मंडणगडजवळच्या वेळासला. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने 2002 पासून तिथे ग्रामस्थांच्या मदतीने संवर्धन सुरू केलं. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पर्यटक गावातल्या घरांत राहू लागले आणि कासव वाचवण्यातून रोजगारही मिळाला.

🐢 काम कसं चालतं?
मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते. राखण करणारे गावकरी, म्हणजे कासवमित्र, पहाटे माग काढून ती कुंपण घातलेल्या हॅचरीत (उबवणीच्या जागेत) तशाच खोलीवर पुरतात, त्यामुळे कोल्ही-कुत्री पोहोचत नाहीत. साधारण 45 ते 60 दिवसांत पिल्लं निघतात आणि समुद्रात सोडली जातात.

2023 मध्ये उपग्रह टॅग लावलेली 'बागेश्री' ही मादी कासव गुहागरहून निघून श्रीलंकेला वळसा घालत थेट बंगालच्या उपसागरात पोहोचली!

आपण काय करायचं?
✅ वाळूत गाडी घालू नका.
✅ रात्री किनाऱ्यावर प्रखर दिवे नकोत, पिल्लं वाट चुकतात.
✅ प्लास्टिक परत न्या.
✅ मादी किंवा अंडी दिसली तर दूर राहा, वनविभागाला 1926 वर कळवा.

ही पोस्ट कोकणात निघालेल्या प्रत्येक मित्राला पाठवा. 🙏

#कासवमित्र #रत्नागिरी #आरेवारे