शॉर्ट सर्किट, सॉकेट आणि विम्याचा करारनामा

विजेच्या दोषामुळे घराला आग लागली तर विमा कंपनी एक छदामही देत नाही, ही समजूत आपल्याकडील मध्यमवर्गात इतकी खोल रुजली आहे की, गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत ती निर्विवाद सत्य म्हणून उच्चारली जाते, वायरमन ती गिऱ्हाइकाला अनुभवाचा बोल म्हणून ऐकवतो, आणि खेदाची गोष्ट अशी की, पॉलिसी विकणारे काही प्रतिनिधीही विचारले असता मान डोलावून तिला दुजोरा देतात. "पंचनाम्यात शॉर्ट सर्किट लिहिलं, की संपलं!" हे वाक्य इतक्या ठिकाणी आणि इतक्या आत्मविश्वासाने ऐकू येते की, त्याचा एकदा सविस्तर समाचार घेणे भाग आहे. ही समजूत सर्वस्वी निराधार असती, तर ती आपोआप विरून गेली असती. तिला अर्ध्या वाक्याचा आधार आहे, म्हणूनच ती इतकी चिवट झाली आहे.

ते वाक्य कोणते, ते आधी पाहू. भारतात अनेक दशके चालत आलेल्या अग्निविम्याच्या प्रमाणित मसुद्यात, आणि विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना देणे बंधनकारक केलेल्या 'भारत गृह रक्षा' या पॉलिसीतही, अपवादांच्या यादीत एक कलम आहे. अतिरिक्त भार, वाढलेला दाब, शॉर्ट सर्किट, ठिणगी, स्वयंतापन किंवा विद्युतगळती यांमुळे कोणत्याही विद्युत यंत्राचे, उपकरणाचे वा जोडणीचे नुकसान झाल्यास ते भरून मिळणार नाही, असा त्याचा आशय आहे. लोकांचे वाचन येथे थांबते. कलम मात्र येथे थांबत नाही. हा अपवाद ज्या विशिष्ट उपकरणात दोष उत्पन्न झाला केवळ त्या उपकरणापुरताच लागू आहे, असे त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलेले आहे. आणि जुन्या मसुद्यात तर, अशा रीतीने लागलेल्या आगीत जी अन्य यंत्रे व जोडण्या भस्मसात होतील त्यांना हा अपवाद लागू नाही, असे निःसंदिग्ध परंतुकच जोडलेले होते.

याचा व्यवहारातील अर्थ असा. शयनगृहातील वातानुकूलन यंत्राचे सॉकेट तापून जळाले आणि आग तेथेच विझली, तर त्या सॉकेटची किंमत विमेदाराने सोसावी. परंतु त्याच सॉकेटमधून निघालेल्या ज्वाळेने पडदा पेटला, पडद्याने कपाट पेटवले, भिंतीचे प्लास्टर गळून पडले आणि शेजारच्या खोलीतील दूरचित्रवाणी संच वितळला, तर या साऱ्याची भरपाई, इमारत आणि घरसामान या दोन्हींचा विमा उतरवलेला असल्यास, आगीचे नुकसान म्हणून मागता येते. वजावट होते ती काही शे रुपयांच्या प्लास्टिक-पितळेची. विजेच्या दोषाने लागलेली आग ही आगच असते. ती काडीने लागली की तारेने, यावरून तिची जात बदलत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही हा मुद्दा अनिर्णित ठेवलेला नाही. कर्नाटकातील एका शीतगृहात शेतकऱ्यांनी ठेवलेला माल जळाल्याच्या प्रकरणात, म्हणजे २०२० सालच्या कॅनरा बँक विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या निकालात, आणि पुढे २०२३ साली न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध मुदित रोडवेज या निकालात, आगीचे नेमके कारण शॉर्ट सर्किट होते की अन्य काही, हे गौण आहे, मात्र आग खुद्द विमेदाराने लावलेली नसावी, हे तत्त्व न्यायालयाने नमूद केले. देशातील सर्वोच्च न्यायपीठाने छापील निकालात सांगितलेली गोष्ट जिन्यातील चर्चेत मात्र उलटी सांगितली जावी, आणि ऐकणाऱ्याने स्वतःच्या कपाटातील पॉलिसी उघडून पाहण्याचीही तसदी घेऊ नये, याला काय म्हणावे?

पॉलिसी दाखवली की वाद घालणारा गृहस्थ मागे हटतो, पण दुसऱ्या खंदकात जाऊन उभा राहतो. "असेल, पण आमचं सॉकेट नियमात बसणारं नव्हतं, मग कंपनी कशाला देईल?" येथे दोन भिन्न दस्तऐवजांची गल्लत होते. विजेचा कायदा आणि त्याखालील नियम हे सांगतात की, जोडणी कशी असावी. विम्याचा करारनामा हे सांगतो की, काय घडले असता कोणाचे नुकसान कोणी सोसावे. पहिल्याचा भंग झाला म्हणून दुसरा आपोआप रद्द होतो, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. तसे व्हावयाचे असेल, तर ती अट पॉलिसीत शब्दशः असावी लागते.

अग्निविमा मुख्यतः मनुष्याच्या अनवधानासाठीच असतो, हे तत्त्व फार जुने आहे. इंग्लंडात १८३७ साली शॉ विरुद्ध रॉबर्ड्स या खटल्यात, धान्य वाळवण्यासाठी म्हणून विमा उतरवलेल्या भट्टीत, बुडालेल्या गलबतातील झाडाची भिजलेली साल एकदा वाळवावयास घेतली असता आग लागली. विमा कंपनीने निष्काळजीपणाचा बचाव घेतला, आणि न्यायालयाने तो फेटाळला. हेतुपुरस्सर केलेले कृत्य आणि अजाणता झालेली चूक यांतील हा भेद आजच्या पॉलिसीतही कायम आहे. याचा अर्थ विमेदाराला बेफिकिरीचा परवाना मिळाला, असा मात्र नाही. धोका डोळ्यांसमोर धडधडीत दिसत असताना, त्याची लेखी सूचना मिळालेली असताना, त्याकडे जाणूनबुजून पाठ फिरवली, तर अनवधान संपते आणि कंपनीच्या वकिलाला बोलण्यास जागा मिळते. नियमांचे महत्त्व विम्याच्या दृष्टीने एवढेच, पण ते कमी नाही.

म्हणून नियम काय आहेत, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. घरगुती प्लग-सॉकेटसाठी भारतीय मानक १२९३ आहे आणि त्याने ६ अँपिअर व १६ अँपिअर अशा दोन जाती ठरवल्या आहेत. जुने लोक ज्यांना अजूनही पाच आणि पंधरा म्हणतात, त्यांचेच हे वारसदार. २३० व्होल्टच्या दाबावर लहान सॉकेट सुमारे १,३८० वॅट आणि मोठे सुमारे ३,६८० वॅट भार वाहू शकते. २,००० वॅटच्या गीझरला जवळजवळ ८.७ अँपिअर प्रवाह लागतो. तेव्हा तो अडॅप्टर लावून लहान सॉकेटवर चालवणे म्हणजे सॉकेटच्या मर्यादेवर सुमारे पंचेचाळीस टक्के अधिक भार टाकणे होय.

सॉकेट कोणी बदलावे, याविषयीही नियम स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांपर्यंत एकच सूत्र चालत आले आहे: दिवा, पंखा, फ्यूज, स्विच अशा वस्तू, जोडणीची क्षमता वा स्वरूप न बदलता, जशाच्या तशा बदलण्यास मुभा आहे, त्यापलीकडील काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच झाले पाहिजे. फुटलेल्या ६ अँपिअर सॉकेटच्या जागी तसेच नवे बसवणे पहिल्या वर्गात मोडते. त्याच बारीक तारांवर १६ अँपिअरचे सॉकेट बसवून गीझर जोडणे दुसऱ्या वर्गात मोडते, आणि आपल्या घरांतून सर्रास घडते ते हेच. सॉकेटचे तोंड मोठे केल्याने भिंतीतील तार जाड होत नाही, हे सांगावे लागते याचेच आश्चर्य वाटते.

या ठिकाणी आणखी एका भ्रमाची दखल घेणे इष्ट आहे. "आमच्याकडे एमसीबी आहे, तेव्हा आगीची भीती नाही," असे अनेक जण निश्चिंतपणे सांगतात. एमसीबी तारांचे रक्षण अतिरिक्त प्रवाहापासून करते, आणि प्रवाह थोडाच अधिक असेल तर तेही सावकाशीने: प्रमाणित एमसीबीने आपल्या अंकित प्रवाहाच्या १.१३ पट प्रवाह तासभर न तुटता वाहून न्यावा आणि १.४५ पट झाल्यास तासाच्या आत तुटावे, अशी चाचणीची अट आहे. सॉकेटमधील अनेक आगींची सुरुवात होते ती सैल झालेल्या स्क्रूपाशी किंवा ढिल्या पडलेल्या पितळी पकडीपाशी. तेथे अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला आणि त्यातून गीझरचा ९ अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर अंगठ्याएवढ्या जागेत सुमारे ४० वॅट उष्णता साचते, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नइतकी. या अवस्थेत एकूण प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. म्हणून एमसीबी स्वस्थ बसते. प्रवाह जमिनीकडे गळत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारे आरसीसीबीही स्वस्थ बसते. जळका वास, काळवंडलेली भोके, प्लग काढताना हाताला लागणारी ऊब, हीच काय ती पूर्वसूचना. आणि ती मिळताच सॉकेट बदलणे, हाच काय तो उपाय.

उरलेल्या समजुती एकेका वाक्यात निकालात काढता येतील. आयएसआय चिन्ह असले म्हणजे कोणत्याही सॉकेटवर कोणतेही उपकरण चालते, हे खोटे. चिन्ह अंकित मर्यादेपर्यंतच्या गुणवत्तेची ग्वाही देते. तिसरी पिन मोडून टाकली तरी यंत्र चालते, हे खरे. पण ती पिन यंत्र चालवण्यासाठी नसून यंत्राच्या धातूच्या अंगात वीज उतरली असता आपला जीव वाचवण्यासाठी असते. घराच्या विम्याची रक्कम बाजारभावाने ठरते, हेही खोटे; भारत गृह रक्षेत इमारतीचा विमा बांधकामाच्या खर्चावर असतो, जागेच्या किमतीवर नाही. इमारतीचा विमा घेतला की घरसामान उघडे राहते, हे या पॉलिसीपुरते चुकीचे. तिच्यात इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सामान्य घरसामान आपोआप धरले जाते. भाडेकरूला घराचा विमा मिळत नाही, हेही असत्य. त्याला केवळ आपल्या सामानाचा विमा घेता येतो. संस्थेने विमा उतरवला आहे, तेव्हा आपण मोकळे, ही तर शुद्ध स्वप्नावस्था. संस्थेचा विमा सामान्यतः इमारतीचा असतो, आणि महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार सदनिकेतील मेन स्विचपर्यंतच्या विद्युतवाहिन्या संस्थेने सांभाळावयाच्या असतात, त्यापुढची जबाबदारी सभासदाची.

आपल्या घरातील आग शेजाऱ्याकडे पोहोचली तर आपली पॉलिसी त्याचेही नुकसान भरून देईल, ही समजूत मात्र एका वाक्यात सोडण्यासारखी नाही, कारण येथे चुकीची दिशा उलटी आहे: लोक हक्क नसताना तो आहे असे मानतात. भारत गृह रक्षा विमेदाराच्या स्वतःच्या मालमत्तेपुरती आहे. परक्याप्रति असलेले उत्तरदायित्व तिच्यात समाविष्ट नाही. शेजाऱ्याने आपला निष्काळजीपणा सिद्ध केला, तर भरपाई आपल्या खिशातून जाईल. आणि त्याला त्याच्या विमा कंपनीने पैसे दिले असतील, तर ती कंपनी त्याच्या जागी उभी राहून आपल्याकडे वसुलीस येऊ शकते. नियमबाह्य सॉकेट, बिनपरवाना वायरमन आणि त्याच्या कामाची कोठेही नसलेली नोंद यांची खरी किंमत मोजावी लागते ती या दरबारात. हा धोका ज्याला झाकावयाचा असेल, त्याने सार्वजनिक उत्तरदायित्वाचे कलम असलेली गृहस्थांची पॅकेज पॉलिसी मागावी, आणि ते कलम खरोखर आहे काय, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

आता मूळ समजुतीकडे वळतो, कारण तिचा सर्वांत मोठा अपाय सांगावयाचा राहिला आहे. शॉर्ट सर्किट म्हटले की पैसे बुडणार, या भीतीने माणसे आगीनंतर पहिल्या घटकेत दोन गोष्टी करतात: जळालेले सॉकेट भिंतीतून उपटून फेकून देतात आणि सर्वेक्षकाला देवघरातील दिवा लवंडल्याची किंवा उदबत्तीची ठिणगी उडाल्याची हकीगत सांगतात. सर्वेक्षक हा त्या कामात मुरलेला परवानाधारक असतो. आग कोठून वर चढली, हे भिंतीवरील काजळी त्याला सांगते, आणि अग्निशमन दलाचा अहवाल त्याच्या हाती असतोच. हकीगत खोटी ठरली की, खोट्या निवेदनाच्या आधारे केलेला दावा नाकारण्याचे कलम लागू होते, आणि ते कलम केवळ सॉकेटपुरते मर्यादित नाही. त्यात सारा दावा बुडतो. जो दावा सरळ सांगितला असता तर सॉकेटची किंमत वजा जाता मान्य होण्यासारखा होता, तो या ऐकीव शहाणपणाने स्वतःच्या हाताने गमावला जातो, आणि मग तोच माणूस पुढच्या वार्षिक सभेत उठून सांगतो की, शॉर्ट सर्किटला विमा मिळत नाही!

म्हणून दुर्दैवाने प्रसंग आलाच, तर मेन स्विच बंद करावा, अग्निशमन दलाला कळवावे, कंपनीला विनाविलंब खबर द्यावी, जळालेले सॉकेट आणि त्याच्या तारा सर्वेक्षक पाहीपर्यंत जागच्या जागी राहू द्याव्यात, छायाचित्रे काढावीत, आणि जे घडले ते, शॉर्ट सर्किट असेल तर शॉर्ट सर्किट याच नावाने, लेखी द्यावे. आणि प्रसंग येण्यापूर्वी करावयाचे काम याहून सोपे आहे: गीझर, इस्त्री आणि वातानुकूलन यंत्र ज्या सॉकेटवर चालतात, त्यांच्यावर ६ लिहिले आहे की १६, हे आज पाहावे, मागील तारही त्या योग्यतेची आहे काय, हे परवानाधारकाकडून तपासून घ्यावे, त्याची पावती पॉलिसीच्या पाकिटात ठेवावी, आणि ते पाकीट उघडलेच आहे, तर अपवादांचे कलम शेवटच्या शब्दापर्यंत वाचावे.