सायकलीवरच्या लेकराचंही डोकं जपा

सकाळी सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता पाहा. शाळेची लेकरं सायकलीवर कडेकडेने निघालेली असतात आणि खेटून मका-कापसाचे ट्रॅक्टर जातात.

कायदा काय सांगतो? २०१९ च्या दुरुस्तीने मोटारसायकलीवर चार वर्षांवरील मुलांनाही हेल्मेट सक्तीचे झाले. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलालाही हेल्मेट व चालकाशी बांधणारा पट्टा लागतो. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. या लहानग्याला सायकलीचे हेल्मेटही चालते. पण तेच पोर मोठे होऊन स्वतः सायकल चालवू लागले, की सक्ती नाही! ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने ती १९९० मध्येच केली.

आपण कायद्याची वाट कशाला पाहायची? बीजप्रक्रिया पेरणीआधी करतात, रोग आल्यावर नाही. हेल्मेटचेही तसेच.

घेताना मापाचे घ्या. कपड्यासारखे ‘वाढत्या अंगाचे’ नको. सैल हेल्मेट पडताना सरकते. ते कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर बसावे. हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादे बोट जाईल इतकीच जागा ठेवा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदला; आतला फोम दबला, की पुन्हा धक्का झेलत नाही.

मोडलेला हात प्लास्टरात जुळून येतो. डोक्याचे तसे नसते. पुढच्या बाजाराला लेकराला सोबत न्या आणि हेल्मेट त्याच्या डोक्यावर घालूनच घ्या.