शिवाजी पार्क कोणाचे?

६ डिसेंबर जवळ आला की मुंबईतील काही मंडळींना दादरच्या शिवाजी पार्कवरील गवताची आठवण होते. कचरा होतो, दुर्गंधी पसरते, सकाळी फिरायला जाता येत नाही, अशी ओरड सुरू होते. गडचिरोलीपासून आमच्या चंदगडपर्यंतच्या खेड्यापाड्यांतून महामानवाला अभिवादन करण्यासाठी येणारा भीमअनुयायी म्हणजे जणू कोणाच्या अंगणात घुसलेला परका! या ओरडीला आपण बहुधा संतापाने उत्तर देतो. वास्तविक तिला इतिहासाने आणि कायद्याने उत्तर दिले पाहिजे.

सुमारे २८ एकरांचे हे मैदान मुंबई महापालिकेने १९२५ साली लोकांसाठी खुले केले. तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला छत्रपती शिवरायांचे नाव देण्यात आले. आता हेच साल महाडच्या संदर्भात आठवा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद भरवायची तर महाडात मंडपापुरतीही जागा मिळेना. शेवटी फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली आणि त्या जागेवर २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. एकीकडे मुंबईत सार्वजनिक मैदानाला रयतेच्या राजाचे नाव दिले जात होते, आणि दुसरीकडे त्याच रयतेतील अस्पृश्यांना सभेसाठी चार हात जमीन मिळत नव्हती. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा खरा अर्थ काय, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

चवदार तळेसुद्धा कागदोपत्री सार्वजनिकच होते. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. सवर्ण मंडळी कोर्टात गेली, मनाईहुकूम आणला आणि खटला १० वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला : अस्पृश्यांना वगळण्याची प्राचीन रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. बाबासाहेब जिंकले.

ही लढाई बाबासाहेबांनी पुढे संविधानात कायमची नोंदवून ठेवली. अनुच्छेद १५(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थानावरून कोणालाही विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा वापरण्यापासून रोखता येत नाही. सरकारी पैशावर चालणारी बाग व मैदान ही अशीच जागा. अनुच्छेद १९ ने शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला. १९७२ साली हिंमतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकार सभांचे नियमन करू शकते, पण अधिकाऱ्याला मनमानीने परवानगी नाकारता येणार नाही. म्हणजे ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर टेकणारी पाठ ही कोणाच्या मेहेरबानीवर टेकलेली नसते. ती संविधानावर टेकलेली असते.

रहिवाशांना शांतता हवी, हे आम्हाला मान्य आहे. २०१० साली उच्च न्यायालयाने हे मैदान शांतता क्षेत्र ठरवले, त्याचा आदर आहे. मात्र ६ डिसेंबर हा रीतसर परवानगी असलेल्या दिवसांपैकीच आहे. याच मैदानावर १९६६ पासून दसरा मेळावे झाले. २०१९ मध्ये मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे आणि २०२२ मध्ये लता मंगेशकर यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेव्हा लाखोंच्या गर्दीला ‘जनसागर’ म्हटले गेले. मग आमच्याच गर्दीला ‘उपद्रव’ का म्हणायचे? या जनसागराने रांगेत उभे राहून अभिवादन केले, पुस्तकांच्या स्टॉलवरून ग्रंथ विकत घेतले आणि २०२० साली कोरोनामुळे घरीच थांबण्याचे आवाहन झाले तेव्हा ते पाळलेही. एवढी शिस्त दाखवणारा समाज कचऱ्याच्या फोटोपुरता उरतो, यामागे स्वच्छतेपेक्षा जुनी शिवाशिव अधिक आहे.

पण समाजबांधवांनो, एक गोष्ट आपणही ध्यानात ठेवू. ७ डिसेंबरला ते मैदान झाडणारा सफाई कामगार बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. आपण टाकलेली पत्रावळ आपलाच भाऊ उचलतो. विरोधकांच्या भीतीने नव्हे, तर त्या भावासाठी मैदान स्वच्छ ठेवू या. हा पंचशीलाचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हक्काची मोकळी जागा काय असते हे आपण वर्षातून एकदा दादरला अनुभवतो आणि एस.टी.त बसून गावी परततो. गावात काय आहे? चंदगडसारखी तालुक्याची गावे आता नगरपंचायती झाली. तिथे विकास आराखडे होणार, बाग व क्रीडांगणासाठी आरक्षणे पडणार. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आरक्षित जमीन १० वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देतो आणि मुदतीत संपादन न झाल्यास आरक्षण उडते. अशाच रीतीने मैदाने प्लॉट होतात आणि आपल्या वस्तीतली पोरे रस्त्यावर खेळतात. श्रीमंताच्या बंगल्याला अंगण असते, दलित वस्तीला सार्वजनिक मैदान हेच अंगण!

म्हणून प्रारूप आराखडा प्रसिद्ध होताच तो वाचायला शिका. हरकती-सूचना मुदतीत, लेखी आणि पोच घेऊन द्या. आपल्या वस्तीपासून बाग किती दूर दाखवली आहे ते मोजा. माहितीच्या अधिकारात आरक्षणांची यादी मागा आणि दहावे वर्ष कधी संपते ते वहीत लिहून ठेवा. जयंती मंडळांनी मिरवणुकीच्या खर्चातील थोडा वाटा या कामाला दिला तरी पुष्कळ होईल.

चवदार तळे ठरावाने खुले झाले नाही, माणसे चालत गेली म्हणून खुले झाले. शिवाजी पार्कही दरवर्षी लाखो पावले तिथे जातात म्हणून सार्वजनिक राहिले आहे. ती पावले दादरइतकीच आपल्या गावच्या नगरपंचायतीकडेही वळली पाहिजेत.

जयभीम! जय भारत!