ज्यू कुटुंबांची वंशावळ शोधणं इतकं अवघड का?

१९६२ साली इस्रायलमधल्या प्रमुख ज्यू धर्मगुरूंनी एक आदेश काढला. भारतातून आलेल्या बेने इस्रायली मुलाला किंवा मुलीला दुसऱ्या ज्यू समाजात लग्न करायचं असेल, तर आधी आई, आजी आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासायच्या. कारण ज्यू धर्मात वंश आईकडून मोजतात.

आता पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी आडनावं लावणाऱ्या, घरी मराठी बोलणाऱ्या या लोकांनी पुरावा आणायचा कुठून? कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणाऱ्या समाजाची वंशावळ कोण लिहून ठेवणार होतं? मोठं आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये आदेश मागे घेण्यात आला.

म्हणजे वंशावळ हा फक्त हौशी लोकांचा छंद नाही. तिच्यावर लग्नही अडू शकतं. तो इतिहासासारखा विद्यापीठात शिकवला जाणारा, पुरावे तपासणारा विषय व्हावा, यासाठी २००६ मध्ये जेरुसलेममध्ये एक आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली.

पण अडचणी बऱ्याच आहेत. पूर्व युरोपातल्या बहुतेक ज्यूंना १८व्या शतकापर्यंत कायमचं आडनावच नव्हतं. स्वतःचं नाव, पुढे वडिलांचं नाव, बस्स. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १७८७ मध्ये आडनावाची सक्ती केली, रशियाने १८०४ मध्ये. त्यात सीमा सारख्या बदलत राहिल्या. ल्विव हे शहर आधी ऑस्ट्रियाकडे, मग पोलंडकडे, मग सोव्हिएत संघाकडे आणि आता युक्रेनमध्ये. राज्य बदललं की दप्तराची भाषा बदलली आणि एकाच आडनावाची अनेक स्पेलिंग झाली. यावर १९८५ मध्ये दोन अमेरिकी अभ्यासकांनी उपाय काढला: स्पेलिंग सोडा, उच्चारावरून आकडी कोड द्या. डाइच-मोकोटॉफ नावाची ही पद्धत आजही वापरली जाते.

(आणि हो, न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर कारकुनाने आमचं आडनाव बदललं, ही अमेरिकेत घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट अभ्यासकांना पटत नाही. तिथले कारकून नावं लिहीत नव्हते, जहाजाच्या यादीशी ताडून बघत होते. यादी निघतानाच तयार व्हायची. बहुतेकांनी आडनाव नंतर स्वतःच बदललं.)

मग डीएनए चाचणी करून प्रश्न सुटेल? पूर्णपणे नाही. युरोपातले अश्केनाझी ज्यू शतकानुशतकं आपापसातच लग्न करत आले. त्यामुळे फार दूरचा नातेवाईकही चाचणीत जवळचा चुलतभाऊ वाटू शकतो. अशा वेळी जुळलेला आकडा कसा वाचायचा, हे शिकावंच लागतं.

बेने इस्रायलींचाही डीएनए तपासला गेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे दिसले. पण खापरपणजीचं नाव काय होतं आणि ती पेणची की रेवदंड्याची, हे लाळेच्या नमुन्यातून कळत नाही. ते अजूनही घरातल्या आजीलाच विचारावं लागतं.