स्थलांतरितांचे गाणे

न्यूयॉर्क शहरातील एका वाद्यवृंदाशी पुरुषोत्तमनगरच्या माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. आपल्या भोवती उसाचे मळे आहेत, कारखान्याचे धुराडे आहे, पलीकडे सातपुडा आहे. तरीही संबंध आहे, आणि तो कसा आहे हे उलगडून सांगणे एवढाच या व्याख्यानाचा हेतू. मी संगीतशास्त्राचा पंडित नव्हे. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेले, आणि जे थोडेफार वाचन झाले ते गावोगावच्या वाचनालयांत. परंतु गेटसभेत भाषणापेक्षा डफाची थाप माणसे लवकर गोळा करते, हा अनुभव गाठी असल्यामुळे गाण्याचा विचार करणे मला भाग पडले.

त्या वृंदाचे नाव ‘गोगोल बोर्डेलो’. १९९९ साली तो उभा राहिला. त्याचा गायक युजीन हुट्झ हा १९७२ साली युक्रेनमध्ये कीव्हजवळच्या बोयार्का गावी जन्मला. आईकडून त्याच्यात रोमा लोकांचे रक्त आलेले. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला आणि त्या कुटुंबाला घर सोडावे लागले. पुढे पोलंड, हंगेरी, ऑस्ट्रिया, इटली अशा मजला करीत ही मंडळी निर्वासित म्हणून अमेरिकेला पोचली. न्यूयॉर्कमध्ये त्याला जे साथीदार मिळाले तेही बहुतेक असेच दूरदेशाहून आलेले. व्हायोलिन वाजविणारा मॉस्कोचा, अकॉर्डियनवाला रशियाच्या पार पूर्वेकडील साखालिन बेटाचा. पुढे इथिओपिया आणि इक्वेडोर येथील वादकही येऊन मिळाले. त्यांनी रोमांच्या लोकसंगीताची ‘पंक रॉक’ या संगीताशी सांगड घातली, आणि २००५ सालच्या ‘जिप्सी पंक्स’ या ध्वनिमुद्रिकेने त्यांचे नाव जगभर झाले.

आता हे रोमा कोण? इंग्रज त्यांना ‘जिप्सी’ म्हणत, कारण ते इजिप्तहून आले असा त्यांचा गैरसमज होता. रोमांपैकी अनेकांना हा शब्द अपमानाचा वाटतो. खरे कुळ भाषेने उघड केले. जर्मनीतील र्‍यूडिगर या विद्वानाने १७८२ सालीच रोमानी भाषेचे हिंदुस्थानी भाषेशी नाते दाखवून दिले. त्यांचे आकडे ऐका: येख, दुई, त्रिन, श्तार, पांज. आपल्या अंगणवाडीतील पोरालाही हे समजतील. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात, कानाला ‘कन’, मिठाला ‘लोन’. आपल्या लोणच्यात तोच शब्द बसलेला आहे. परंतु सात, आठ, नऊ यांसाठी त्यांचे शब्द ग्रीक आहेत, आणि भाषेत फारसी व आर्मेनियन शब्दही मिसळलेले आहेत. म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी ही माणसे भारतातून निघून इराण आणि आर्मेनियातून ग्रीक मुलखात पोचली, हा सारा प्रवास त्यांच्या बोलीतच नोंदलेला आहे.

त्यांच्या वाट्याला काय आले तेही सांगितले पाहिजे. आजच्या रुमानियातील प्रांतांत ते १८५५-५६ पर्यंत कायद्याने गुलाम होते. हिटलरच्या राजवटीत त्यांची लाखांनी कत्तल झाली. १९७१ साली लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. त्यांच्या निळ्या-हिरव्या ध्वजावर मधोमध एक तांबडे चक्र आहे, ते आपल्या अशोकचक्राची आठवण करून देते.

दुसरी बाजू पंक संगीताची. हे १९७५ च्या आसपास न्यूयॉर्क आणि लंडन येथे जन्मले. त्या वेळी ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा दहा लाखांपलीकडे गेला होता. पोरांच्या हातांना काम नव्हते, आणि श्रीमंती थाटाच्या गाण्यात त्यांचे दुःख कोठेच नव्हते. त्यांनी जुन्या गिटारी घेतल्या, दोन-तीन स्वरमेळ शिकले आणि ओरडून गाऊ लागले. तालीम कमी, पण राग खरा.

हे दोन प्रवाह एकत्र का नांदले? याचे एक कारण तालात आहे. पूर्व युरोपातील लग्नाच्या नाचगाण्याचा ठेका दोन ठोक्यांचा असतो: एक खर्जाचा ‘धम्’, लगेच वरचा ‘टाक्’. पंकचा ढोलही याच ‘धम्-टाक्’ वर धावतो. आपल्या वरातीतला ठेका ज्याने ऐकला आहे त्याला निराळे सांगणे नको. शिवाय रोमांची गत विलंबित सुरू होऊन हळूहळू बेभान वेग घेते, आणि वेग हा तर पंकचा प्राणच. त्यांच्या काही सुरावटींत कोमल ऋषभावरून एकदम शुद्ध गंधारावर उडी असते. आपल्या भैरवातील ती जागा आठवावी. दुसरे कारण पोटाचे आहे. रोमा वादक शतकानुशतके दुसर्‍यांच्या लग्नांत वाजवून जगला. ज्या गावी गेला तिथली चाल उचलणे त्याला भागच होते. स्थलांतरिताच्या संगीतातील मिश्रण हा हौसेचा मामला नसतो; ते भाकरीसाठी शिकलेले कसब असते.

हाच नियम आपल्याकडे लागू पडतो का, हे पाहू. पडतो, आणि तोही पन्नास वर्षे अगोदर.

मुंबईचे गिरणगाव हे सारेच्या सारे बाहेरून आलेल्यांचे. कोकण, सातारा, सोलापूर येथून माणसे पोटामागे आली, आणि येताना दागिने नव्हे तर ओव्या, पोवाडे, भारुडे घेऊन आली. वाळवे तालुक्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले अण्णा भाऊ साठे लहानपणीच बापाबरोबर पायी चालत मुंबईस आले. पडेल ते काम केले, गिरणीतही राबले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल यांना सार्‍या महाराष्ट्राने अमर शेख म्हणून ओळखले. या दोघांनी द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. मांग समाजातला एक, मुसलमान दुसरा, आणि ऐकणारे अठरापगड. चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या दारात कार्यक्रम होऊ लागले.

त्यांनी मिश्रण कसे केले ते पाहण्यासारखे आहे. वाद्ये जुनीच: डफ, तुणतुणे, ढोलकी. साचा तमाशाचा: गण, गौळण, बतावणी, वग. अण्णा भाऊंनी गणातले गणपतीचे नमन काढून मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले. गौळण गाळली. सोंगाड्या ठेवला, पण त्याच्या तोंडी सावकार आणि मालक यांच्यावरचे टोमणे आले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या तमाशांवर बंदी घातली, तेव्हा ‘लोकनाट्य’ हे नाव पुढे आले. बंदी कोणत्या गाण्यावर येते हे ज्याने त्याने ओळखावे.

एकच उदाहरण देतो. पठ्ठे बापूराव यांनी मुंबई नगरीच्या थाटाचे वर्णन करणारी लावणी रचली होती. बापूरावांचे गाव रेठरे हरणाक्ष, म्हणजे वाळवे तालुक्यातलेच. त्याच तालुक्याच्या अण्णा भाऊंनी ‘मुंबईची लावणी’ लिहून त्याच शहराची दुसरी बाजू दाखविली: फूटपाथवर निजणारा, राबूनही उपाशी राहणारा माणूस. घाट जुना ठेवला आणि आशय उलटा केला. ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत तर गावी राहिलेल्या बायकोचा विरह आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा एकाच सुतात ओवला आहे. मनिऑर्डरीवर संसार करणार्‍या गिरणी कामगाराला तो विरह समजावून सांगावा लागला नाही.

हे कलापथकवाले काही पंक नव्हते, आणि त्यांची पोथीही निराळी होती. साम्य आहे ते परिस्थितीत. घर सुटलेली, परस्परांना अनोळखी माणसे एका कामाच्या ठिकाणी येतात. आपापल्या गाण्याचा तुकडा पुढे करतात. आणि नव्या दुःखाला जुना सूर पुरत नाही म्हणून तो वाकवितात.

आता आपल्या परिसराकडे वळू. ऊसतोडीचाही ‘फड’ असतो आणि तमाशाचाही ‘फड’ असतो, ही नुसती शब्दाची गंमत नाही. दोन्हीकडे हंगामापूर्वी ‘उचल’ दिली जाते, आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला राहतो. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याच्या पाड्यांवरून कितीतरी टोळ्या दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत कोयता घेऊन जातात. मात्र काठीच्या होळीला ढोल वाजू लागला की दूर गेलेल्यांचेही पाय डोंगराकडे वळतात.

या तालुक्यात गाण्याने संघटना बांधली गेल्याचा इतिहासही आहे. अंबरसिंग सुरतवंती यांनी भजनाच्या वाटेने भिल्ल समाजात जागृती केली. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, आणि त्या काळी आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. त्याच चळवळीतून वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी पुढे आला. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह १९८७ सालचा.

आज आपल्याकडील लग्नांत आदिवासी तरुणांचे बँड वाजतात. ढोलाशेजारी विजेवरचा की-बोर्ड आला, कर्णे आले. पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात की पोरांनी परंपरा बुडविली. मला ही तक्रार अपुरी वाटते. मुंबईच्या वस्त्यांतून ज्याला ‘बेंजो’ म्हणतात ते मूळचे जपानी वाद्य. १९१२ च्या सुमारास नागोया येथे ते निघाले, आपल्याकडे बुलबुलतरंग झाले, आणि आज गणपतीच्या मिरवणुकीत त्याला कोणी परके म्हणत नाही. वाद्य कोठून आले हा प्रश्न दुय्यम आहे. गाण्यात कोणाची बोली आहे, कोणाचे सुखदुःख आहे, हा पहिला प्रश्न. आणि वाजविणार्‍याच्या हाती काय पडते, हा दुसरा.

दुसर्‍या प्रश्नाबद्दल संघटनेचा माणूस म्हणून स्पष्ट बोलतो. लग्नसराईत हे तरुण रात्र रात्र वाजवितात. सुपारी तोंडी ठरते, वाजवून झाल्यावर पैसे तोडले जातात, आणि दारू पिऊन कोणी मारहाण केली तर दाद कोठे मागावी हे त्यांना ठाऊक नसते. माथाड्याला कायदा मिळाला, कारण तो एकत्र आला. वादकालाही कराराचा कागद, ठरलेला दर आणि वाजविण्याचे ठरलेले तास मिळू शकतील. त्यासाठी बँडवाल्यांनी एकमेकांच्या सुपार्‍या तोडणे थांबवून आधी एका सतरंजीवर बसले पाहिजे. येत्या पावसाळ्यात, हंगाम बंद असताना, अशी बैठक शहाद्यात घेता येईल. ज्यांच्या घरी बँडवाला मुलगा आहे त्यांनी त्याला हे सांगावे, आणि त्या बैठकीला येताना आपला ढोलही घेऊन यायला सांगावे.