हवेच्या घरात हवेचे वैरी

पाण्याबाहेर काढलेला मासा तडफडतो, हे तुम्ही पाहिले असेल. पण हवा लागताच ज्यांची हालचाल थांबते असे जीव पाहिले आहेत का? १८६१ साली लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते पाहिले. आंबणाऱ्या द्रवाचा थेंब ते सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होते. थेंबाच्या मध्यभागी जंतू चपळाईने फिरत होते. कडेला, जेथे हवा लागत होती तेथे, ते निश्चल पडले होते! अशा जंतूंना अनॉक्सिजीवी म्हणतात.

आता एक कोडे. फुप्फुस म्हणजे हवेचेच घर. मग तेथे हे जंतू कसे वाढतात?

त्यांचे नेहमीचे वसतिस्थान आहे आपले तोंड. दात आणि हिरडी यांमधल्या फटीत ते राहतात. लाळ श्वासमार्गात गेलीच, तर आपण खोकून ती बाहेर टाकतो. परंतु अपस्माराच्या झटक्याने किंवा दारूने शुद्ध हरपली, की हा पहारेकरी झोपतो. लाळ खोल उतरते. बरेचदा उजव्या फुप्फुसात, कारण तिकडची श्वासनलिका अधिक रुंद व सरळ असते. सोबतचे इतर जंतू तेथला ऑक्सिजन वापरून टाकतात. पेशी मरतात, रक्तपुरवठा तुटतो आणि हवेच्या घरात बिनहवेची कोठडी तयार होते. तेथे पू होऊन गळू बनते. थुंकीला घाण वास येतो. कधी फुप्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणातही पू साठतो.

१९२७ साली अमेरिकेत डेव्हिड स्मिथ यांनी हिरड्यांतील जंतू प्राण्यांच्या श्वासमार्गात सोडून पाहिले. एकेकट्या जंतूने गळू होईना. जंतूंची टोळी एकत्र येताच झाले!

तपासणीतही गंमत आहे. सुईने काढलेल्या पुवाला हवा लागली, तर हे जंतू मरू शकतात आणि रोग असूनही प्रयोगशाळेत काहीच उगवत नाही. म्हणून पू हवाबंद ठेवून नेतात. योग्य प्रतिजैविके दिली आणि आवरणातला पू नळीने काढला, तर रोगी बरा होतो.

यात तुमचे काम कोणते? दात व हिरड्या रोज स्वच्छ ठेवा. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कधीही ओतू नका. त्याचा श्वास चालू असेल आणि इजा झालेली नसेल, तर त्याला कुशीवर वळवा व डॉक्टरांना बोलवा. लाळ बाहेर वाहू द्या, आत नको!