इज्रेलच्या वेशीवरील दोन ढीग

इसवी सनापूर्वी ८४१ च्या सुमारास इस्राएलचा राजा योराम रामोथ-गिलादच्या लढाईत जखमी झाला आणि उपचारांसाठी इज्रेलला परतला. सैन्य सीमेवरच राहिले. नेमक्या याच वेळी अलीशा या संदेष्ट्याच्या शिष्याने छावणीत जाऊन येहू नामक सेनापतीच्या मस्तकावर अभिषेकाचे तेल ओतले. पुढची हकीकत हिब्रू धर्मग्रंथातील ‘राजे’ या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात कमालीच्या थंडपणे सांगितली आहे.

येहूने रथ भरधाव हाकला. योराम बाणाने मेला. त्याचे प्रेत त्याचा पिता अहाब याच्या काळात नाबोथाचा बळी घेऊन बळकावलेल्या शेतात फेकले गेले. भेटीस आलेला यहूदाचा राजा अहज्याही सुटला नाही. राजमाता ईजबेल खिडकीतून लोटली गेली. अहाबाच्या ७० राजपुत्रांची शिरे तर शोमरोनच्या प्रतिष्ठितांनीच टोपल्यांतून पाठविली. वेशीपाशी त्यांचे दोन ढीग रात्रभर पडून होते. सकाळी येहूने जमावापुढे साळसूदपणे विचारले की, धन्याला मी मारले, पण यांना कोणी मारले? ती शिरे त्यानेच पत्र धाडून मागविली होती, हे ग्रंथकार आधीच सांगून चुकला आहे. एखाद्या दरबारी बखरकाराने ते पत्र खचितच गाळले असते!

येहूने हे ईश्वराच्या आज्ञेने केले आणि त्याबद्दल त्याला चार पिढ्यांचे राज्य मिळाले, असे हा ग्रंथ म्हणतो. परंतु सुमारे शंभर वर्षांनंतरचा होशेय हा संदेष्टा त्याच ईश्वराच्या नावाने, इज्रेलच्या रक्तपाताबद्दल येहूच्या घराण्याला शासन होईल, असे बजावतो. संकलकांनी दोहोंपैकी एकही साक्ष खोडली नाही. चौथा वंशज जखऱ्या सहा महिन्यांतच मारला गेला. त्याचा मारेकरी शल्लूम जेमतेम महिनाभर टिकला.

१९९३ आणि १९९४ मध्ये उत्तर इस्राएलमधील तेल दान येथे एका अरामी शिलालेखाचे तुकडे सापडले. इस्राएल आणि यहूदा या दोन्ही राज्यांचे राजे आपणच मारले, असे त्यात एक अरामी राजा म्हणतो. बहुतेक विद्वानांच्या मते तो योरामाचा शत्रू हजाएल होय. एका हत्येचे दोन दावेदार, आणि दोहोंच्या पाठीशी आपापला देव! १८४६ मध्ये इराकमधील निमरूद येथे सापडलेल्या काळ्या स्तंभावर अश्शूरच्या सम्राटापुढे येहू, अथवा त्याचा दूत, जमिनीपर्यंत वाकलेला दिसतो. वरच्या लेखात त्याला ‘अम्रीचा पुत्र’ म्हटले आहे. हा अम्री म्हणजे अहाबाचा बाप. त्याचेच घराणे येहूने निर्वंश केले होते.